ब्रेक कोणाचा?

मोटारीच्या ब्रेकला जोडावयाची दीड-दोन वीत लांबीची नळी हा नीतिविचाराचा विषय होऊं शकतो, असें म्हटल्यास आमच्या वाचकांपैकीं कांहीं हंसतील. परंतु कर्तव्याचे कठीण प्रश्न केवळ राजवाड्यांत व रणांगणावर उपस्थित होतात हा समज नाटकें वाचून झालेला आहे. गॅरेजच्या तेलकट फरशीवरहि ते भेटतात.

१९४१ सालीं युद्धासाठीं बांधूं लागलेल्या विलीस जीपच्या चारहि चाकांना ब्रेक ऑइलच्या दाबानें चालणारे ब्रेक होते. तिच्या वंशांतील गाड्या आज सह्याद्रीच्या चिखलवाटांवर हौसेनें हांकल्या जातात. पेडल दाबलें कीं तो दाब, पास्कलनें सतराव्या शतकांत सांगितलेल्या नियमास अनुसरून, बंदिस्त द्रवांतून चाकापर्यंत पोंचतो. वाटेंतील बहुतेक नळ्या धातूच्या असतात. पण चाक खालींवर होतें, पुढचें वळतेंहि, म्हणून शेवटचा तुकडा रबराचा ठेवावा लागतो. रबर दाबाखालीं किंचित् फुगतें व पायाचा तेवढा जोर वायां जातो. सबब हौशी मालक तो तुकडा काढून, आंत टेफ्लॉनची व तीवर पोलादी तारेची वीण असलेली नळी बसवितात. वीण आंतल्या नळीस फुगूं देत नाहीं. पेडल पायाला घट्ट लागतें, दगडाचा ओरखडाहि सोसवतो. येथवर तक्रारीस जागा नाहीं.

मौज पुढेंच आहे. रबरी नळी म्हातारी झाली कीं तें बहुधा तिच्या अंगावर दिसतें: भेगा, फुगवटा, तेलाची ओल. (कधीं कधीं ती आंतून सुजून वाट बंद करते आणि बाहेरून धडधाकट दिसते, रबर अगदीं हरिश्चंद्राचा अवतार आहे असें आम्ही म्हणत नाहीं.) विणलेल्या नळीचें तसें नव्हे. तारेखालीं काय चाललें आहे तें डोळ्यांना दिसत नाहीं. वीण उघडी असेल तर बारीक वाळू तारांत शिरून आंतली नळी घासूं लागते, आणि ती तार ज्याला घासेल त्याला करवतीप्रमाणें कापते. म्हणून चांगल्या नळीवर प्लास्टिकचें आवरण असतें. म्हणजे झांकलेल्यावर पुनः झांकण! बळ वाढलें खरें, पण इशारा देण्याचें जें काम पूर्वीं नळी थोडेंबहुत करीत होती, तें आतां मालकाच्या शिरावर आलें. पैसे मोजून भक्कम वस्तु आणल्यावर गाडीखालीं वांकून पाहण्याची इच्छा वाढते कीं कमी होते, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

लांबीचा प्रश्न तर याहून नाजूक. गाडी उंच करण्यासाठीं स्प्रिंगा बदलल्या कीं जुनी नळी अपुरी पडते. नवी पुरते कीं नाहीं हें सपाट फरशीवर कळत नाहीं. उभ्या गाडीला सर्वच नळ्या पुरतात. अॅक्सल पूर्णपणें खालीं लोंबत असतां, चाकें आधीं एका बाजूस व मग दुसऱ्या बाजूस शेवटपर्यंत वळवून पाहावें लागतें: नळी ताणत नाहीं ना, पिळत नाहीं ना, टायरला लागत नाहीं ना? तांब्याच्या वायसर नव्या घालणें व एअर पुरती काढणें ही कामें सरावानें होतात; हें पाहणें मात्र कंटाळ्यानें राहून जातें.

यावर कोणी म्हणेल, गाडी त्याची, पैसा त्याचा, जीवहि त्याचाच; तुम्हांस काय पंचाईत? मिल्लच्या १८५९ च्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचा आधारहि तो घेईल. पण स्वातंत्र्याची मर्यादा परक्याच्या अपायापाशीं येते, हें त्याच ग्रंथाचें म्हणणें आहे. रानांत घसरण्याची जोखीम मालकानें व त्याच्या सोबत्यांनीं राजीखुषीनें पत्करलेली असते. सायंकाळीं तीच गाडी, तीच नळी घेऊन, घाट उतरून बाजाराच्या गांवांतून जाते. तेथें पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईला कोणी विचारलें होतें? पेडल मालकाच्या पायाखालीं असलें तरी ब्रेकचा उपयोग सर्वांत अधिक तिला आहे. जुन्या जीपला तर सगळ्या चाकांस मिळून तेलाचा एकच मार्ग असे. एक नळी फुटली कीं चारहि चाकांचा ब्रेक गेला. नव्या गाड्यांत मार्ग दोन असतात, त्यामुळें थोडाफार ब्रेक उरतो. घाटाच्या उतारावर तो थोडाफार कितीसा पुरणार?

आणखी एका माणसाचा विचार आम्हांस विशेष अगत्याचा वाटतो. तो म्हणजे पुढें ही गाडी जुनी म्हणून घेणारा. विकणारा टायर दाखवितो, रंग दाखवितो, चाकांजवळची चकचकीत वीणहि कौतुकानें दाखवितो. ती कोणत्या सालीं बसविली, कोणत्या उंचीच्या स्प्रिंगांसाठीं मापली आणि नंतर त्या स्प्रिंगा बदलल्या कीं काय, हें त्याच्या एकट्याच्या डोक्यांत असतें. घेणारा तें विचारीत नाहीं, कारण विचारावें हेंच त्याला ठाऊक नसतें. त्यानें मागच्या बाकावर मुलें बसविलेलीं असतात आणि किल्ली फिरवून पाहण्याची त्याला घाई झालेली असते.