अवचित निघालेला शब्द

पेडण्यापासून कुडाळापर्यंतच्या देवळांतून जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक उभे राहते, त्याला परंपरेने लिखित संहिता नसते. आख्यान कोणते, कोणी काय व्हायचे आणि प्रसंगांचा क्रम कसा, एवढे मंडळीतला जाणता नट आधी सांगतो. संवाद ज्याने त्याने प्रेक्षकांसमोरच घडवायचे. आपल्यातील काही सुशिक्षित याला 'बिनतयारीचे' म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. लहानपणापासून कानांवर पडलेली पुराणे, वडील नटांची टिपून घेतलेली बोलणी, अंगात मुरलेली पखवाजाची लय, ही तयारी नव्हे तर काय? ऐन वेळी बोलणारा रिकाम्या भांड्यातून वाढत नसतो.

पण येथेच खरा प्रश्न उभा राहतो. आधी योजले नव्हते म्हणून शब्दाची जबाबदारी कमी होते काय? देवस्थानच्या सभेत एखादा महाजन दुसऱ्याच्या कुळाचा उद्धार करतो आणि दुसऱ्या दिवशी "ओघात बोलून गेलो, मनात काही नव्हते" असे म्हणून मोकळा होतो. आम्हांस उलटेच वाटते. योजलेल्या शब्दावर विवेकाचा पहारा असतो. अवचित शब्द आत जे साठले असेल तेच घेऊन बाहेर पडतो. (जीभ नुसती घसरते, असेही क्वचित घडते, नाही असे नाही.)

महाभारतातील कुंती पाहा. पुत्रांनी काय आणले हे न पाहताच ती आतून म्हणाली, सर्वांनी मिळून भोगा. बाहेर द्रौपदी उभी. कुंतीच्या मनात पाप नव्हते. भिक्षा वाटून घेण्याची रोजची सवय बोलली. तरीही "मी पाहिले नव्हते" एवढ्यावर तिने तो शब्द टाकून दिला नाही. आपले वचन असत्य होऊ नये आणि पांचालीलाही अधर्म लागू नये, असा मार्ग तिने युधिष्ठिराला विचारला. ओझे मात्र द्रौपदीने जन्मभर वाहिले. बोलणारी एक, भोगणारी दुसरी. हे आम्हांस नेहमीच खुपत आले आहे.

दशावतारात एखाद्याच्या तोंडून भलतेच निघून गेले, तर समोरचा कसलेला नट तेच वाक्य उचलून कथेच्या वाटेवर आणतो. त्याला जिभेपेक्षा कान लागतो. पहाटे दहीकाल्याची हंडी फुटेपर्यंत हे चालते. सभेत एवढा वेळ एकमेकांचे ऐकत बसणारे महाजन किती निघतील, कोण जाणे.