साक्षीदारांची यादी

बलिप्रतिपदेला ओवाळताना महाराष्ट्रातल्या घराघरांत ‘इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणतात. ज्या पुराणकथेवर हा दिवस उभा आहे, तिच्यात बळी असुर आहे. वामनाने तीन पावले जमीन मागून त्याला पाताळात धाडले, आणि ते अवतारकार्य म्हणून गौरवले गेले. तरीही ओवाळणारी बाई राज्य मागते ते बळीचे. कथा एक सांगते आणि ओठांवरची इच्छा दुसरेच सांगते, आणि या दोन्ही गोष्टी शतकानुशतके एकाच उंबऱ्यावर नांदत आल्या आहेत. खुद्द भागवत पुराणालाही हा पेच टाळता आलेला नाही. तिथे बळीला सुतलात पाठवणारा विष्णूच पुढे त्याच्या दाराशी पहारा देतो. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिताना महात्मा फुल्यांनी हाच धागा पकडला. त्यांनी बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा केले, आणि खंडोबा, म्हसोबा हे त्याच्या राज्यातले अधिकारी असल्याचा अर्थ लावला. फुल्यांच्या व्युत्पत्त्या भाषाशास्त्राला पटोत न पटोत, बायकांच्या ओठांवर आधीपासून असलेल्या एका इच्छेला त्यांनी युक्तिवादाचे रूप दिले, हे मात्र खरे.

पुराणे, महाकाव्ये आणि लोककथा यांच्यावर आज कादंबऱ्यांचे अमाप पीक येते आहे. कुठल्याही ग्रंथप्रदर्शनात कर्ण, द्रौपदी, सीता, रावण यांची ‘आजवर न ऐकलेली बाजू’ सांगणारी पुस्तके हारीने मांडलेली दिसतात. त्यावर होणारी चर्चा बहुधा दोनच टोकांना जाते. एका बाजूला पावित्र्याचा भंग झाल्याची ओरड, दुसऱ्या बाजूला लेखनस्वातंत्र्याचा जयघोष. या दोन्हींत खरा प्रश्न हरवतो. माझे म्हणणे असे आहे की, जुनी कथा नव्याने सांगण्याचा हक्क सर्वांना आहे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. पण त्या कथेत नायकाला सर्वांत जड जाणारा जो प्रसंग असतो, त्याचे लेखक काय करतो यावर त्या लेखनाची किंमत ठरते. तो प्रसंग उजेडात राहिला तर कथा वाढते. नायकाच्या सोयीसाठी तो झाकला, तर भाषा कितीही देखणी असली तरी कथा लहान होते. म्हणून कोणतेही पुनर्कथन हाती घेताना साक्षीला कोणाकोणाला बोलावले आहे आणि कोणाला बाहेर बसवले आहे, हे आधी पाहावे.

पहिला आक्षेप पावित्र्याचा, म्हणजे मूळ कथेला हात लावू नये, हा. त्याचे उत्तर पुण्यातच मिळते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू केले आणि १९६६ साली तिची संहिता पूर्ण झाली. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काश्मीरपासून केरळपर्यंतची बाराशेहून अधिक हस्तलिखिते ओळीओळीने ताडून पाहिली. तेव्हा दिसले की प्रत्येक प्रांताने आणि प्रत्येक पिढीने या ग्रंथात काही ना काही घातले आहे. स्वयंवराचा प्रसंग घ्या. सूतपुत्राला वरणार नाही असे द्रौपदी भर मंडपात म्हणते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. काही हस्तलिखितांत ते आहे, काहींत कर्णाला धनुष्यच पेलत नाही, आणि चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत द्रौपदीचा तो नकार नाही. ज्या एका वाक्याच्या आधारावर कर्णाच्या अपमानाची आणि सूडाची इमारत रचली जाते, तेच मागाहून आलेले आहे. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणतो, तेही कुणीतरी नव्याने सांगितलेलेच असते.

मयसभेचा प्रसंग याहून बोलका आहे. दुर्योधन पाण्याला जमीन समजतो आणि पडतो. त्यावर द्रौपदी हसून आंधळ्याचा मुलगाही आंधळाच असे म्हणाली, हे दूरचित्रवाणीने आणि कीर्तनांनी आपल्या मनावर इतके ठसवले आहे की ते व्यासांचेच वाटते. चिकित्सक आवृत्तीच्या सभापर्वात तो प्रसंग निवेदक सांगतो तेव्हा सेवक हसतात, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात. द्रौपदीचे तिथे नाव नाही. पण पुढे हस्तिनापुरात दुर्योधन हीच हकीकत धृतराष्ट्राला ऐकवतो, तेव्हा हसणाऱ्यांत कृष्ण येतो आणि आपल्या सख्यांसह द्रौपदीही येते. आंधळेपणाचा टोमणा मात्र त्याच्याही तोंडी नाही. घटना एक, सांगणारे दोन. अपमानाने पोळलेल्या माणसाला सगळी सभा आपल्याला हसली असे वाटते, आणि त्यातही जिचे हसणे सर्वांत जास्त झोंबेल ती बाई त्याला आधी दिसते. हे महाभारताने कुठलेही भाष्य न करता दाखवले आहे. पुनर्कथन कसे होते, त्याच्या मागे कोणते मन असते, याचा धडा ग्रंथाच्या पोटातच आहे.

मराठीच्या परंपरेनेही हा हक्क कधी नाकारला नाही. एकनाथांनी ‘भावार्थ रामायण’ लिहिले, त्यांचे नातू मुक्तेश्वर यांनी महाभारत मराठीत आणले, आणि श्रीधरांचे ‘पांडवप्रताप’ व ‘रामविजय’ देवळांतून आणि ओसऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. यांतल्या कोणीही संस्कृताची नक्कल केली नाही. आपल्या काळाच्या बोलीत, आपल्या श्रोत्यांच्या सुखदुःखांना धरून त्यांनी कथा पुन्हा रचली. या रचनेत किती बळ असते, हे परक्या सरकारला आपल्यातल्या काहींपेक्षा लवकर कळले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा विराटाच्या राजवाड्यातली, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली.

हक्क मान्य केला की जबाबदारीचा प्रश्न सुरू होतो, आणि त्यासाठी १९६७ हे साल फार उपयोगी आहे. चिकित्सक आवृत्तीची संहिता पूर्ण झाल्यावर वर्षभरात मराठीत दोन पुस्तके आली. एक शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी, दुसरा इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’ हा लेखसंग्रह. दोन्हींचा विषय महाभारत, दोन्ही गाजली, पण दोघांची कर्णाकडे पाहण्याची रीत अगदी वेगळी. ‘मृत्युंजय’मध्ये सहा जण बोलतात. कर्ण स्वतः, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण. आई, मित्र, भाऊ, पत्नी, आणि त्याचे मोठेपण ओळखणारा देव. या योजनेचे श्रेय मोठे आहे. महाभारताच्या स्त्रीपर्वात कर्णाची पत्नी रणांगणावर आक्रोश करताना दिसते, पण तिची ओळख मुलांची आई एवढीच. सावंतांनी तिला नाव, मन आणि वाणी दिली. मराठी वाचकाने कर्णावर जी माया केली, ती या कादंबरीने कमावलेली आहे.

तरीही त्या सहा जणांत द्रौपदी नाही. द्यूतसभेत तिच्या बाजूने बोलणारा एक कौरव निघतो, विकर्ण. त्याला खोडून काढतो तो कर्ण. पाच पतींची म्हणून तिला कुलटा ठरवणारा आणि तिची व पांडवांची वस्त्रे काढून घ्या असे दुःशासनाला सांगणारा तोच. मूळ ग्रंथ हे लपवत नाही. तो पुढे उद्योगपर्वात कर्णाच्याच तोंडून, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना कडू बोललो याचा ताप होतो, अशी कबुलीही देववतो. इतका दानशूर, इतका अन्याय सोसलेला माणूस असे कसे बोलू शकतो, हा प्रश्न महाभारताने आपल्या गळ्यात घातला आणि उत्तर दिले नाही. तो प्रसंग फक्त कर्णाच्या आणि कर्णाच्या माणसांच्या नजरेतून ऐकला, तर ऐकणारा नकळत त्याच्या वेदनेचा हिशेब मांडू लागतो, आणि जिच्यावर ते शब्द पडले तिचा हिशेब कोणीच मांडत नाही. इरावतीबाईंनी उलट वाट धरली. त्यांनी कोणालाच सूट दिली नाही. खांडववन जाळून तिथल्या जिवांचा संहार करणारे कृष्ण आणि अर्जुनही त्यांच्या प्रश्नांतून सुटले नाहीत. त्यांच्या पुस्तकात कर्ण लहान होत नाही, अधिक माणूस होतो.

यावर कोणी म्हणेल की कादंबरीला एक बाजू घ्यावीच लागते, निःपक्षपातीपणा हे न्यायाधीशाचे काम. त्याचे उत्तर ययातीच्या कथेत सापडते. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली आली, आणि मराठीतला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला तो या कादंबरीसाठी. तिथेही पात्रे स्वतःच बोलतात, पण निवड पाहा. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. जी पत्नी मानी आणि कठोर म्हणून कथेत बदनाम आहे, तिलाही स्वतःचे म्हणणे मांडायला पाने मिळतात. ज्याच्या नावाची कादंबरी आहे, तो आपल्या लालसेची कबुली आपल्याच तोंडाने देतो. कचाच्या रूपाने खांडेकर स्वतः उपदेश करू लागतात तेव्हा कादंबरी थोडी जड होते, हे खरे. पण एकमेकांना दुखावणारे तिघेही साक्षीला उभे आहेत. त्यानंतर दोनच वर्षांत गिरीश कार्नाडांचे कन्नड नाटक ‘ययाति’ प्रसिद्ध झाले आणि त्यांनी आणखी एक साक्षीदार बोलावला. पुरूने आपले तारुण्य बापाला दिले, त्या त्यागाची परंपरेने स्तुती केली, पण त्या रात्री पुरूच्या पत्नीवर काय गुदरले असेल? कार्नाडांनी चित्रलेखा निर्माण केली. तिच्या मृत्यूने नाटक संपत येते तेव्हा पुरूच्या त्यागाचा गौरव पूर्वीसारखा करवत नाही. एका बाईला आत घेतल्याबरोबर सगळ्या कथेचा तोल बदलला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांना हजारो वर्षे कोणी विचारले नाही, त्यांच्या वाट्याला आधी कैवारी येऊ द्या, तोल सांभाळण्याच्या गोष्टी मग करा, असे अनेक जण म्हणतात. लाक्षागृहात निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे जळून मेले. पांडव निसटले आणि ती सहा प्रेते पाहून ते मेले असे जगाला वाटले. महाभारताने या सहा जिवांसाठी मोजके श्लोक खर्च केले, त्यांची नावेही दिली नाहीत. अशा ठिकाणी एकतर्फी कैवार घेण्यातही न्याय आहे, हे मला मान्य आहे. पण महाश्वेता देवींनी बंगालीत ‘कुंती ओ निषादी’ लिहिली तेव्हा काय केले, ते पाहावे. त्यांनी कुंतीला बाहेर काढले नाही. वनात आयुष्याच्या शेवटाला आलेल्या कुंतीला एका निषाद स्त्रीसमोर उभे केले आणि तिच्याकडून जाब ऐकवला. कैवार घेऊनही समोरच्याला समोर ठेवता येते. एकलव्याचा अंगठा दलित साहित्यात पुन्हा पुन्हा आला, त्यातही द्रोणाला पुसून टाकण्याची गरज कोणाला वाटली नाही. अन्याय करणारा कथेत नसेल, तर अन्यायही हवेत विरून जातो.

तिसरा आक्षेप असा की आजची मूल्ये जुन्या माणसांवर लादली जातात. पण द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न आठवावा. आधी स्वतःला हरलेल्या नवऱ्याला बायको पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, असे तिने विचारले, आणि धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून भीष्मांसारख्या वडीलधाऱ्याला उत्तर देता आले नाही. हा प्रश्न विसाव्या शतकातल्या कुणा लेखिकेने घुसडलेला नाही. तो ग्रंथातच आहे आणि आजही अनुत्तरित आहे. आपल्या बायकांनी तर त्याच धर्तीचे प्रश्न जात्यावर विचारले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतली सीता राजवाड्यातली वाटत नाही. कपाळभर कुंकू लावून ती वनाला निघते, रानात दगडाच्या आधाराने बाळंत होते, तिचा सासुरवास गावातल्या कुठल्याही सुनेचा असतो. एका ओवीचा भाव तर असा की, सीतेचा सासुरवास एवढा मोठा झाला की तिने तो देशोदेशीच्या बायांना वाटून दिला. पहाटे दळताना, वैरणीचा घास जात्यात टाकता टाकता, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने पुनर्कथनाचे याहून नेमके वर्णन करून ठेवले आहे. कथा पुन्हा सांगणे म्हणजे ते दुःख वाटून घेणे. आणि त्या ओव्यांत रामाला हाकलून दिलेले नसते. त्याचे नाव घेऊन दळण सुरू होते आणि त्यालाच जाब विचारला जातो.

चौथी भीती उरते ती वाचकाची. लोक कादंबरीला इतिहास समजतात, मालिकेतला संवाद व्यासांचा मानतात, ही तक्रार खोटी नाही. आंधळेपणाच्या टोमण्याचे उदाहरण वर आलेच आहे. त्या एका कल्पित वाक्याने युद्धाचे खापर एका बाईच्या जिभेवर फोडण्याची सोय अनेकांना झाली. पण यावर उपाय कथा कोंडून ठेवणे हा नाही. वाचकाला थर दाखवणे, मुळात काय आहे आणि आपण काय घातले हे लेखकाने प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगणे, आणि शाळेत एकाच कथेची दोन रूपे शेजारी शेजारी ठेवून शिकवणे, हे उपाय आहेत. ज्या मुलाने मयसभेचा प्रसंग निवेदकाच्या तोंडून आणि दुर्योधनाच्या तोंडून असा दोनदा वाचला, त्याला पुढे वर्तमानपत्रही नीट वाचता येईल.

बलिप्रतिपदेच्या उंबऱ्यावर वामनाचा विजय आणि बळीचे राज्य ही दोन्ही एकत्र राहू शकली, कारण ओवाळणाऱ्या बाईने वामनाला पुसले नाही आणि बळीलाही सोडले नाही. आपल्या कादंबरीकाराने तिच्याइतकाच मोठा मनाचा उंबरा ठेवावा, एवढीच अपेक्षा आहे. उद्या कोणी पुन्हा कर्णाची कथा लिहायला घेतली, तर ती जरूर लिहावी, जीव ओतून लिहावी. त्या पुस्तकातले एक प्रकरण मात्र द्रौपदीसाठी राखून ठेवावे, आणि कर्ण सभेत बोलत असताना ती त्याच्या समोर कुठे उभी होती, तिथून ते सुरू करावे.