जाळ्यात आलेला कचरा कुणाचा?



गेल्या महिन्यात सायंकाळच्या मिस्सानंतर एक वयस्क तांडेलकाका मला चर्चच्या व्हरांड्यात भेटले. (पापनिवेदनात नव्हे, म्हणून येथे लिहितो. त्यांची परवानगीही घेतली आहे.) ते म्हणाले, "फादर, एक विचारू? डोलीत मासळीबरोबर पिशव्या येतात, बाटल्या येतात, तुटक्या चपला येतात. आम्ही मासळी निवडतो आणि बाकीचं परत पाण्यात लोटतो. पहिल्यांदा टाकलं ते मी नाही. पण परत टाकतो तो मीच. हे पाप धरायचं का?"

सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, त्यात पदवीही मिळवली. तरी मला एवढेच म्हणता आले, "काका, विचार करून सांगतो."

त्या विचारात मला एका जपानी शास्त्रज्ञाचे काम उपयोगी पडले. हिदेशिगे ताकादा हे टोकियो कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठात अनेक वर्षे प्राध्यापक होते. त्यांचा विषय भूरसायनशास्त्र. नदीच्या, खाडीच्या, समुद्राच्या गाळात अडकलेले सूक्ष्म रेणू ओळखायचे आणि ते कोठून आले याचा माग काढायचा, हे त्यांचे काम. सजीवांनी मागे ठेवलेल्या अशा रेणूंना जैवखुणा म्हणतात. एक उदाहरण देतो, नाक मुरडू नका. आपल्या आतड्यातले जंतू कोलेस्टेरॉलचे रूपांतर कोप्रोस्टॅनॉल नावाच्या पदार्थात करतात. समुद्रतळाच्या गाळात हा पदार्थ भरपूर सापडला, तर वरच्या वस्तीचा मैला शुद्ध न करताच पाण्यात सोडला जातो हे ओळखावे. मग कागदोपत्री अहवाल काहीही म्हणोत! कपडे धुण्याच्या पावडरीच्या कच्च्या मालाचाही थोडा अवशेष असाच सांडपाण्यातून गाळात जाऊन बसतो. ताकादा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात टोकियोच्या नद्यांत आणि उपसागरात त्याचा माग काढला.

असा रेणू हा विलक्षण साक्षीदार आहे. तो खोटे बोलत नाही, त्याला विकत घेता येत नाही. पण एक गोष्ट तो सांगू शकत नाही, ती म्हणजे नाव. 'हे माणसाचे आहे' एवढे तो सांगतो. कोणत्या माणसाचे, ते नाही.

पुढे ताकादांचे लक्ष प्लास्टिककडे वळले. कारखान्यात बादल्या, बाटल्या बनवण्यासाठी प्लास्टिकचे मसुराएवढे दाणे येतात. वाहतुकीत ते सांडतात, पावसाने वाहून समुद्रात जातात आणि तरंगत किनाऱ्याला लागतात. त्यांच्या गटाने कोरे दाणे टोकियोच्या उपसागरात सहा दिवस ठेवले. दाण्यांतील पीसीबी नावाच्या विषाचे आणि डीडीटीपासून बनणाऱ्या डीडीई या पदार्थाचे प्रमाण दिवसेंदिवस वाढत गेले. किनाऱ्यावरून वेचलेल्या दाण्यांत तर ही विषे भोवतालच्या पाण्याच्या तुलनेत दहा लाख पटींपर्यंत साठलेली आढळली. हा शोधनिबंध २००१ साली प्रसिद्ध झाला. पाण्यात असतात ही विषे नगण्य, पण तेलकट स्वभावाची असल्याने ती प्लास्टिकला चिकटतात. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, अशातली गत. आणि काही रसायने तर प्लास्टिकच्या अंगचीच असतात, ती वेगळी.

मग २००५ साली ताकादांनी जगभरच्या सामान्य लोकांना एक विनंती केली: आपल्या किनाऱ्यावरचे पिवळसर पडलेले दाणे वेचा, पाकिटात घाला आणि टपालाने टोकियोला पाठवा. या उपक्रमाचे नाव इंटरनॅशनल पेलेट वॉच. जहाज नको, मोठा निधी नको. आपल्या दोन नाण्यांसह मंदिरात आलेली ती विधवा मला येथे आठवते. २००९ साली पहिले निष्कर्ष आले, तेव्हा १७ देशांतल्या ३० किनाऱ्यांचे दाणे तपासून झाले होते. पीसीबी सर्वांत जास्त अमेरिकेच्या किनाऱ्यांवर होते, त्याखालोखाल पश्चिम युरोप व जपानमध्ये. आशियाच्या उष्ण भागात ते कमी. व्हिएतनामच्या दाण्यांत डीडीटी अधिक होते.

आता यातली एक बाब नीट पाहा. जपानने पीसीबी १९७२ साली थांबवले. अमेरिकेने १९७९ साली त्याच्या उत्पादनावर बंदी घातली. तरीही तीस वर्षांनंतर किनाऱ्यावर आलेल्या दाण्यांत ते आहे. आजोबांच्या पिढीने सोडलेले गाळात राहिले, आणि नातवाने सांडलेल्या दाण्याने ते उचलले. मूळ पापाविषयी धर्मशिक्षणात शिकवताना मी असे एखादे उदाहरण नेहमी शोधत असतो. पण ही उपमा फार ताणू नये. मूळ पाप आपण वारशाने घेतो, स्वतः करत नाही. प्लास्टिकचे तसे नाही.

तर दोष कुणाचा? संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिका'त हा प्रश्न घेतला आहे: कृत्याच्या परिणामामुळे कृत्याचा चांगुलपणा वा वाईटपणा वाढतो का? ते म्हणतात, परिणाम आधी दिसत असेल, तर वाढतोच. दिसत नसेल, तर पुन्हा दोन प्रकार. परिणाम त्या कृत्याच्या स्वभावातूनच निघणारा, बहुतेक वेळा घडणारा असेल, तर त्याचा भार कृत्यावर येतो. क्वचित, योगायोगाने घडला असेल, तर येत नाही. तेराव्या शतकातल्या या धर्मपंडिताने प्लास्टिक कुठे पाहिले होते? पण 'मला ठाऊक नव्हते' या आपल्या आवडत्या सबबीचे त्यांनी नेमके दोन तुकडे केले. पिशवी नाल्यात टाकली की पावसात ती खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाणार, हा योगायोग नाही. तो पिशवीचा आणि पाण्याचा स्वभाव आहे.

यावर तुम्ही म्हणाल, आणि मीही स्वतःशी म्हणतो, की माझ्या एका पिशवीने काय होते? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खरोखरच एका पिशवीने मोजता येईल असे काही होत नाही. आपण हा दोष इतक्या लोकांत वाटून घेतला आहे की कुणाच्याही वाट्याला तो दिसण्याएवढा येत नाही. पण तो दाणा काय करतो? पाण्यात विखुरलेले, मोजायलाही कठीण असे विष तो पुन्हा एका जागी जमा करतो. ताकादांच्या गटाने उत्तर प्रशांत महासागरातले बारा समुद्रपक्षी तपासले, तो निबंध २०१३ सालचा. बारापैकी तीन पक्ष्यांच्या शरीरातल्या चरबीत प्लास्टिकमध्ये मिसळल्या जाणाऱ्या आगरोधक रसायनाचे असे प्रकार मिळाले, जे त्यांच्या भक्ष्य माशांत नव्हते. पोटातल्या प्लास्टिकमध्ये मात्र होते. बारापैकी तीनच, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. संख्या फुगवली नाही. प्रवचन करताना आम्हा धर्मगुरूंना हा संयम नेहमी साधतो असे नाही.

आता माझी गोष्ट. आपल्या गेल्या सणाच्या दिवशी मिरवणुकीनंतर सरबत दिले, त्याचे प्लास्टिकचे पेले मीच मागवले होते. स्वस्त पडले म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले बरेचसे किनाऱ्याच्या वाटेवर लोळत होते, आणि दुपारच्या भरतीनंतर वाट स्वच्छ होती. ती स्वच्छ पाहून मला बरे वाटले, हे कबूल करतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात प्लास्टिकचा वापर टाळण्याचा उल्लेख केला आहे. ते परिपत्रक माझ्या टेबलावर आहे, त्यातली वाक्ये मी तुम्हाला वाचूनही दाखवली आहेत. म्हणजे मला 'ठाऊक नव्हते' हा तुकडाही उरत नाही.

काकांची स्थिती माझ्याहून वेगळी आहे. कचरा त्यांनी केलेला नाही. परत लोटताना तो कुठे जातो हे त्यांना ठाऊक आहे, हे खरे. पण नीतिशास्त्रात एक जुने सूत्र आहे: अशक्य गोष्टीला कुणी बांधील नसतो. कचरा किनाऱ्यावर आणला तर त्याचे करायचे काय, याची सोय नसेल, तर भार त्यांच्या खांद्यावरून बराचसा उतरतो. मात्र तो नाहीसा होत नाही. सोय करू शकणाऱ्यांवर तो येतो. इटलीतल्या सान बेनेदेत्तो देल त्रोंतो या बंदराच्या मच्छीमारांनी जाळ्यात आलेले प्लास्टिक परत आणायला सुरुवात केली. जानेवारी २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना भेटीस बोलावून त्यांचे कौतुक केले. पण त्या देशात २०२२ साली नवा कायदा होईपर्यंत असा कचरा बंदरात आणणाऱ्या मच्छीमारालाच त्याचा खर्च आणि कायद्याची भीती होती. चांगले काम करणाऱ्यालाच दंड! आपल्याकडे केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरावर २०१७ पासून असा उपक्रम झाला. बोटींनी पिशवीत भरून आणलेले प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात मिसळण्याची तेथे सोय केली गेली.

हे सगळे मी काकांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "बरं फादर. उद्यापासून परत नाही लोटत. पण भरलेली गोण मी आणली, तर तुम्ही ती ठेवणार कुठे?"

चर्चच्या मागची सायकली ठेवण्याची पडवी मी मोकळी करून घेतली आहे. पहिल्या दोन गोण्या शनिवारी आल्या. त्या तेथून पुढे कुठे न्यायच्या, हा विषय येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्राम समितीच्या सभेत पहिला आहे. बोटवाल्यांनी अवश्य यावे, आणि ज्यांच्याकडे टेम्पो आहे त्यांनीही.

तुमचा,
फादर