पाद्र्यासाठी कुणी रडत नाही

‘इन ब्रूज’ हा सिनेमा मी बऱ्याच मित्रांना दाखवलाय आणि दर वेळी पडद्याइतकंच त्यांच्याकडेही बघत बसलोय. (तुम्ही पाहिला नसेल तर आधी बघून या, खाली शेवटासकट सगळं फोडलंय.) सगळे साधारण त्याच जागांवर हसतात, त्याच जागी गप्प होतात. शेवटी पडदा काळा झाला की जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, “वाचला ना तो?”

प्रश्नात खरी काळजी असते. आणि ज्याची काळजी वाटतेय तो पैसे घेऊन खून करणारा माणूस आहे. त्याच्या गोळीने एक लहान मुलगा मेलाय.

मार्टिन मॅकडोना हा मुळात नाटककार. 2008 साली आलेला ‘इन ब्रूज’ हा त्याचा पहिला मोठा सिनेमा. रे (कॉलिन फॅरेल) आणि केन (ब्रेंडन ग्लीसन) हे दोन आयरिश मारेकरी. रेचं हे पहिलंच काम असतं, एका पाद्र्याला उडवायचं. तो कन्फेशनच्या खोक्यात बसतो आणि पाद्र्यालाच सांगतो की मी खुनाचं पाप केलंय, पैशासाठी केलंय, आणि तो खून तुमचाच आहे. मग गोळ्या. त्यातली एक पलीकडे थांबलेल्या मुलाच्या डोक्यात घुसते. त्या मुलाच्या हातात चिठ्ठी असते, आपली पापं विसरू नयेत म्हणून लिहून आणलेली. रुसून बसणं, गणितात कच्चा असणं, उदास असणं. बस, एवढीच तीन पापं.

टोळीचा म्होरक्या हॅरी (राल्फ फाइन्स) या दोघांना नाताळच्या तोंडावर बेल्जियममधल्या ब्रूज गावात पाठवतो. का, तर लहान मुलाला मारणारा जिवंत राहता कामा नये हे हॅरीचं तत्त्व आहे. रेला केनच्या हातून मारायचं त्याचं ठरलंय. पण मरण्याआधी बिचाऱ्याने काहीतरी सुंदर बघावं, म्हणून ही सहल. हॅरी स्वतः लहानपणी ब्रूजला गेलेला असतो आणि ते गाव त्याला परीकथेसारखं वाटलेलं असतं. रेला मात्र ते पहिल्या मिनिटापासून असह्य होतं. कालवे, जुन्या इमारती, चर्चं बघताना त्याची तोंडं बघून माणूस हसतोच. फॅरेलला या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब मिळालं ते ‘कॉमेडी किंवा म्युझिकल’ या विभागात, आणि ते काही चुकीचं नव्हतं.

पण या सिनेमातलं हसू फुकट मिळत नाही. गावाच्या घंटाघराच्या अरुंद जिन्यासमोर रे काही लठ्ठ अमेरिकन पर्यटकांना सांगतो की तुम्हाला हे जमायचं नाही. ते भडकतात, त्यातला एक त्याच्यामागे धावतो आणि लगेच दमतो. सगळे हसतात. पुढे केन आणि हॅरी रात्री तिथे येतात तेव्हा कळतं की घंटाघर बंद आहे, कारण एका अमेरिकन माणसाला वर हार्ट अटॅक आला. एक साधं वाक्य, आणि मघाशी हसलेल्यांचा चेहरा जरा बदलतो. जिमीचंही तसंच. जिमी हा बुटका नट गावात शूटिंगसाठी आलाय. त्याच्या उंचीवरचे विनोद सिनेमाभर चालतात, आपण कधी हसतो, कधी हसावं की नाही या विचारात अडकतो. शेवटी जिमी शाळकरी मुलाच्या कपड्यांत शूटिंगला उभा असतो आणि हॅरीने रेवर झाडलेल्या गोळ्या त्याला लागतात. हॅरीला खाली मुलाएवढं शरीर दिसतं. आपण मुलाला मारलं असं त्याला वाटतं. रे सांगायचा प्रयत्न करतो, पण हॅरी ऐकून घेत नाही, तत्त्व म्हणजे तत्त्व, आणि स्वतःला गोळी घालतो. ज्या उंचीवर आपण हसलो, तीच माणसं मारायला कारण ठरते. हॅरीच्या मरणाने कुणाचंच काही फिटत नाही, तो तर चुकीच्या माहितीवर मेलाय.

इथपर्यंत सिनेमा प्रेक्षकाला धरून ठेवतो. मला खटकतं ते वेगळंच. इतक्यांदा दाखवून झालं, पण पाद्र्यासाठी कुणी हळहळल्याचं मला आठवत नाही.

एका मित्राला मी मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, “असेल रे काहीतरी केलेलं त्याने. उगाच कोण सुपारी देतं?” आपण बघतो त्या सिनेमात याला काही आधार नाही. पाद्र्याला का मारायचं होतं हे तिथे धड सांगितलेलंच नाही. म्हणजे मारणारा आवडायला लागल्यावर मेलेल्याच्या खात्यावर एक गुन्हा या मित्राने स्वतःच टाकला. हे फक्त सिनेमात होतं असंही नाही. चकमकीची बातमी आली की चहाच्या टपरीवर शब्दशः हेच वाक्य ऐकू येतं.

रेलाही पाद्र्याचं काही वाटत नाही. तो मुलासाठी रडतो, खेळाच्या मैदानात स्वतःच्या डोक्याला पिस्तूल लावतो, आणि नेमका त्याला मारायला आलेला केनच त्याला थांबवतो. (हा प्रसंग एकाच वेळी इतका भयंकर आणि इतका विनोदी आहे की त्याबद्दल मॅकडोनाला काहीही माफ करावंसं वाटतं.) या सगळ्यात पाद्र्याचं नाव नाही. ते ठरवून केलेलं काम होतं, मूल अपघाताने गेलं. साधा हिशेब लावला तर ठरवून केलेल्या खुनाचा सल जास्त असायला हवा. इथे बरोबर उलटं आहे, आणि आपणही निमूटपणे रेचीच वही पुढे चालवतो.

बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1976 साली ‘मॉरल लक’ या विषयावर लिहिताना एका लॉरी ड्रायव्हरचं उदाहरण दिलं होतं. काहीही चूक नसताना त्याच्या लॉरीखाली एक मूल येतं. आपण त्याला सांगतो, तुझा दोष नाही. पण त्याने ते लगेच मान्य केलं आणि दुसऱ्या दिवशी मजेत कामावर आला, तर आपल्यालाच कसंतरी होईल. दोष नसला तरी ते त्याच्या हातून झालंय, आणि ते त्याला टोचायला हवं असं आपल्याला वाटतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात सिस्टिम कोसळली की ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ करतात. कुणाचं चुकलं हे विचारायचं नाही, कुठल्या कड्या जुळत गेल्या ते लिहायचं. सर्व्हरसाठी ही पद्धत उत्तम आहे. केन रेला सुरुवातीला असंच काहीसं देऊ बघतो, तुझा तसा हेतू नव्हता म्हणतो. रे ते घेत नाही. हेतू नव्हता हे त्यालाही माहीत आहे, पण त्याने जे ठरवलं आणि केलं त्यामुळे तो मुलगा आता नाही. इथे रे मला केनपेक्षा जास्त शहाणा वाटतो.

फक्त रे म्हणजे तो लॉरी ड्रायव्हर नव्हे. त्याने पिस्तूल माणूस मारायलाच काढलं होतं. ती एक गोळी चार बोटं डावीकडून गेली असती तर काम फत्ते झालं असतं, रेने पैसे घेतले असते, रडला नसता, आणि आपल्याला त्याच्यात काही हळवं दिसलंही नसतं. आपण ज्याला त्याचा पश्चात्ताप म्हणतो तो त्या चार बोटांवर उभा आहे. यामुळे तो खोटा ठरत नाही. पण तो बघून आपण जी माफी देऊन टाकतो, तिचं काय?

पश्चात्ताप झालेला माणूस आपल्याला फार आवडतो. वाल्या कोळ्याची गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा प्रत्येक खुनामागे एक खडा, असे सात रांजण भरल्याचं ऐकलं होतं. मग नारद, मग वारूळ, मग वाल्मीकी. त्या खड्यांचं पुढे काय झालं, हे विचारायचं कधी सुचत नाही. एकेक खडा म्हणजे घरी न पोचलेला एकेक वाटसरू. पाली सुत्तातली अंगुलिमालाची गोष्ट याबाबतीत जास्त कडक आहे. तो पुरता बदलतो, भिक्खू होतो, तरी भिक्षेला गेला की अंगावर ढेकळं, काठ्या, खापऱ्या येऊन आदळतात. डोकं फुटून, फुटकं पात्र घेऊन तो परत येतो. बुद्ध त्याला सांगतात, सहन कर. गावाने तुला माफ करायलाच हवं, असं ते म्हणत नाहीत.

सिनेमाच्या शेवटी गोळ्यांनी चाळण झालेला रे स्ट्रेचरवर असतो. तेव्हा त्याच्या डोक्यात येतं की वाचलो तर त्या मुलाच्या आईच्या घरी जायचं, माफी मागायची, आणि ती म्हणेल ती शिक्षा घ्यायची. तुरुंग तर तुरुंग, मरण तर मरण. हॅरीचं तत्त्व, केनची दया, ब्रूजच्या म्युझियममध्ये दोघांनी बघितलेलं बॉशचं ‘अंतिम न्याया’चं चित्र, या सगळ्यात ही आई कुठेच नव्हती. आता पहिल्यांदा कुणाला तरी सुचतं की निकाल देण्याचा हक्क तिचा आहे. आणि सिनेमा आपल्याला तिच्या दारापर्यंत नेत नाही. ते बरंच केलं. तिने दार उघडून याला मिठी मारली असती तर मी तिथेच टीव्ही बंद केला असता.

म्हणून रे वाचावा असं मलाही वाटतं, पण ‘भोगलं बिचाऱ्याने’ म्हणून नाही. मेला तर तो सुटला. त्या बाईला समोर कुणी मिळणार नाही, ओरडायला, थोबाडीत द्यायला, किंवा तोंडावर दार आपटायला. ती काय करेल हे ठरवणं माझं काम नाही, रेचंही नाही. तो तिथे पोचला पाहिजे एवढंच.

आणि पाद्र्याचं? त्याची आई, बहीण, रविवारी चर्चमध्ये येणारं कुणी म्हातारं, यातलं कुणीही सिनेमात नाही. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या रे ज्या घराचा विचार करतो, ते एकच घर आहे.