सेवाग्रामातील एक संवाद

भालकी तालुक्यातील मेहकरसारख्या सीमेवरच्या गावी, जेथे मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच चावडीवर ऐकू येतात, तेथे परक्या बोलीशी कसे वागावे हे कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. परंतु समोरचा मनुष्य ईश्वराचे अस्तित्वच अमान्य करू लागला, म्हणजे भल्याभल्यांचा मुलाहिजा सुटतो. म्हणून आज १९४४ सालच्या सेवाग्रामचे स्मरण करू.

आंध्रातील मुदुनूर येथे नास्तिक केंद्र चालविणारे गोपराजू रामचंद्र राव, म्हणजेच गोरा, त्या वर्षी गांधीजींना भेटले. ज्यांच्या दिनचर्येत प्रार्थनेला अग्रस्थान होते, त्या गांधीजींनी या पाहुण्याच्या नास्तिक्याची ना चेष्टा केली, ना त्याच्या मतपरिवर्तनाची घाई केली. अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात ते मत कसे उतरते, याचीच त्यांनी आस्थेने चौकशी केली. गोरांनीही भिडेखातर आपला एक शब्द मागे घेतला नाही. आणि सौजन्याच्या नावाखाली मिळमिळीत बोलणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

पुढे गोरांनी आपल्या कन्येचा विवाह एका दलित तरुणाशी योजिला, तेव्हा तो सेवाग्रामात व्हावा हे गांधीजींनी मान्य केले, एवढेच नव्हे तर विधीत ईश्वराच्या जागी सत्याचा उच्चार करण्यासही संमती दिली. माझ्या मते आस्तिकाने नास्तिकाचा याहून मोठा सन्मान करणे शक्य नाही.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. तो विवाह त्याच वर्षी मार्च महिन्यात, सेवाग्राम आश्रमातच, ठरल्याप्रमाणे पार पडला.