परभाषेतील वाक्प्रचार आणि आपला अधिकार

परभाषेचे व्याकरण कष्टाने साध्य होते, शब्दसंग्रह पाठांतराने वाढतो. परंतु तिच्यातील वाक्प्रचाराचा अर्थ कळला म्हणजे तो वापरण्याचा अधिकारही आला, असे म्हणता येईल काय? हाँगकाँग, मकाव व ग्वांगडाँग प्रांतात बोलली जाणारी कँटोनीज भाषा शिकणाऱ्यापुढे हा प्रश्न फार लवकर उभा राहतो.

'छाऊ याऊ यू' म्हणजे माकूळ परतणे. (गोव्यात यालाच माणकी म्हणतात.) तापलेल्या कढईत पडताच माकुळाचे तुकडे वळकटीसारखे गुंडाळले जातात. पूर्वी मालकाच्या जागेत राहणाऱ्या नोकराला कामावरून काढले की अंथरूण गुंडाळून निघावे लागे. त्यावरून नोकरी जाण्याला हा प्रयोग रूढ झाला, असे सांगतात. मराठी माणसाला येथे 'गाशा गुंडाळणे' आठवल्यावाचून राहणार नाही. पण साम्य फसवे आहे. गाशा आपला आपण गुंडाळतो. माकूळ मालक परततो. नोकराने आपणहून नोकरी सोडली, तर त्याने मालकाचाच माकूळ परतला, असे तेथे उलटवून म्हणतात.

आता, ज्याची नोकरी कालच गेली त्या शेजाऱ्यापुढे एखाद्या परदेशी विद्यार्थ्याने हा वाक्प्रचार योजला तर? व्याकरण निर्दोष, सहाही सुरांचे भान नेमके, आणि तरीही बोलणे क्रूर. शेजाऱ्याच्या भावाने तेच शब्द उच्चारले, तर कदाचित दोघेही हसतील.

मग शिकणाऱ्याने केवळ ऐकावे काय? मला हे पटत नाही. वाक्प्रचार जिभेवर घोळल्याशिवाय अंगी मुरत नाही. मात्र प्रयोग प्रथम स्वतःवर करावा. 'मेलेले मांजर खाणे' म्हणजे दुसऱ्याच्या चुकीचा दोष स्वतःवर घेणे. (शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्याला हा अर्थ फोडून सांगावा लागत नाही!) स्वतःविषयी असे म्हटले, तर ऐकणारा हसून उच्चार सुधारील, दुसऱ्याविषयी म्हटले, तर ते मांजर त्याला कोणी खाऊ घातले, हा आरोपही त्यात आलाच.

मृत्यूविषयी बोलताना मात्र हा नियमही अपुरा पडतो. तो शब्द टाळून तेथील वृद्ध म्हणतात, ''माझे काही कोहळा-टोफू झाले तर...'' लगेच घरातील कोणीतरी 'ताई कात लेई सी' हे शुभवचन उच्चारून ते अभद्र परतवून लावतो. त्यात परक्या विद्यार्थ्याने आपला आवाज मिसळला, तर सूर चुकला तरी त्याला कोणी थांबवीत नाही.