चालणे, थांबणे आणि पुण्य

तीर्थयात्रेचे पुण्य कशात असते? गाठलेल्या स्थळात, पायांच्या श्रमात की चालणाऱ्याच्या संयमात? महाभारताच्या वनपर्वात हात, पाय आणि मन ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, असे मत आले आहे. पुराणांनी पुढे पायी यात्रा श्रेष्ठ ठरवली आणि वाहनाने गेल्यास फळ उणावते, असे मानले. वाशीम जिल्ह्यात या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे शेजारीशेजारी नांदतात, आणि त्यांतली बरीचशी ऋतूशी बांधलेली आहेत.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ‘वत्सगुल्ममाहात्म्य’ येथे १०८ तीर्थे सांगते. पद्मतीर्थ त्यांतले प्रमुख. एकाच क्षेत्रात इतकी तीर्थे मानली, की एका देवळाचे दर्शन पुरत नाही, सारे क्षेत्रच फिरावे लागते. येथे पुण्य स्थळांना जोडलेले आहे.

चैत्रात रामनवमीला मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला बंजारा समाज लोटतो. पावसाळ्याच्या तोंडावर शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी मालेगाव, शिरपूर, रिसोड या वाटेने पंढरपूरकडे जाते. वारकऱ्याच्या लेखी चालणे हीच उपासना आहे. मुखी नाम आणि सोबत दिंडी असली की वाटही पंढरीइतकीच पवित्र होते.

याच शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचे जैन तीर्थ आहे. जैन साधू वाहन वर्ज्य मानतात आणि अनवाणी विहार करतात. पण वारी पंढरीत पोचते त्या सुमारास त्यांचा विहार थांबतो. पावसात जमिनीवर कोंब फुटतात, किडेमुंग्या वाढतात. पाऊल टाकले की हिंसा घडते. म्हणून आषाढ ते कार्तिक चातुर्मास एकाच ठिकाणी काढायचा. बौद्ध भिक्खूंचा वर्षावासही अशाच विचारातून आला. अशा मुक्कामाला निवारा हवा; वत्सगुल्माच्या हरिषेण या वाकाटक राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघासाठी कोरवले.

एकाच पावसाळ्यात एक परंपरा चालते, दुसरी थांबते. तरी दोन्हींत विरोध नाही. वारकरी घर-शेताची ओढ बाजूला ठेवतो, साधू पुढे जाण्याची. दोघांचेही पाऊल स्वतःच्या लहरीवर चालत नाही, आणि वनपर्वाला अभिप्रेत असलेला संयम तो हाच.

पहाटे धावणाऱ्याला किंवा सायकलवर निघणाऱ्यालाही हीच कसोटी लागू पडते. विदर्भाच्या उन्हाळ्यात तोही ऊन चढण्याआधी परततो; शरीराला शिस्त लावतो. मात्र आरोग्य हे त्याचे साध्य असते, म्हणून त्या शिस्तीला व्यायाम म्हणायचे, यात्रा नव्हे. हेतू बदलला की चित्र बदलते: पंढरपूरला सायकलवारीही जाते आणि भक्तिमार्गाला त्यात बाधा दिसत नाही, कारण नाम चाकांवरही घेता येते. जैन साधूला मात्र सायकलही चालत नाही. पावलापुढची जमीन निरखून मगच पाय टाकण्याचा त्याचा नियम वेगात पाळता येत नाही. म्हणून वाहनाने पुण्य उणावते का, याचे उत्तर वाहनावर अवलंबून नाही. प्रवासात कोणते व्रत सांभाळायचे आहे, त्यावर ते ठरते.